प्लॅन तीनशेचा, कॉम्प्युटरवर मात्र ९४

फायबर घरोघरी पोचलं, तशी एक तक्रारही घरोघरी पोचली. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, राउटरशेजारी उभं राहून मोबाइलवर तपासलं तर २८०-२९० दिसतात, आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरला केबल लावूनही आकडा ९४ च्या पुढे सरकत नाही. कंपनीला फोन केला की ‘आमच्या बाजूने स्पीड ओके आहे’ असं उत्तर येतं. राग येतो, पण ते उत्तर अनेकदा खरं असतं. वेग हरवतो तो राउटर ते कॉम्प्युटर या शेवटच्या दहा-पंधरा मीटरांत.

या टप्प्यासाठी पर्याय बरेच आहेत: लॅन केबल, वाय-फाय, त्याचा सिग्नल पुढे ढकलणारा रिपीटर, घरभर ठेवलेल्या दोन-तीन डब्यांचं मिळून एक वाय-फाय करणारं मेश, विजेच्या वायरीतून नेट नेणारे डबे. सगळ्यात वेगवान कोणता, याचं उत्तर एका ओळीत देता येतं. केबल नेता येत असेल तर केबल. पण एवढ्यावर विसंबून दुकानात गेलात तर फसाल, कारण वेग एकट्या केबलीवर ठरत नाही. राउटरचं पोर्ट, केबल, तिच्या टोकांचे कनेक्टर आणि कॉम्प्युटरचं पोर्ट या चौघांपैकी जो सगळ्यात हळू, तोच तुमचा वेग. बाकी तिघांवर कितीही खर्च करा, काडीचा फरक पडत नाही. म्हणून आधी अडलंय कुठे ते शोधायचं आणि मगच पाकीट काढायचं.

## आधी दोन शब्द

पहिला शब्द एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. आठ बिट मिळून एक बाइट होतो, आणि डाउनलोडच्या खिडकीत बहुधा मेगाबाइट दिसतात. त्यामुळे ३०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला ३७ मेगाबाइटच्या आसपास उतरत असेल तर काहीही बिघडलेलं नाही. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

दुसरा शब्द लिंक स्पीड. राउटर आणि कॉम्प्युटर जोडले गेले की दोघं आपसात एक वेग ठरवतात. ही कमाल मर्यादा असते, प्रत्यक्ष मिळणारा वेग त्याच्या आतच राहतो. केबलीवर तो लिंक स्पीडच्या ९४-९५ टक्क्यांपर्यंत जातो. वाय-फायवर साधारण अर्धा ते दोन तृतीयांश. पाकिटावरचे मोठमोठे आकडे वाचताना हा फरक विसरला की गोंधळ सुरू होतो.

## मग हा ९४ येतो कुठून?

लॅन केबलीत आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. जुन्या १०० एमबीपीएसच्या पद्धतीला त्यातल्या दोनच जोड्या लागतात. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात. तांब्याच्या केबलीवरच्या गिगाबिटचं मानक १९९९ चं आहे, म्हणजे यात नवीन काही नाही.

केबल खोचली की दोन्ही टोकं आपापली कुवत सांगतात आणि दोघांना जमेल असा सर्वांत मोठा वेग निवडतात. गिगाबिट ठरलं, पण आठातली एखादी तार तुटलेली किंवा नीट न बसलेली निघाली, तर बहुतेक नेटवर्क कार्डं गुपचूप १०० वर उतरतात. पडद्यावर सूचना नाही, लाल खूण नाही, नेट चालूच. शिवाय माहितीच्या प्रत्येक पाकिटाबरोबर पत्ता, तपासणीचे आकडे आणि दोन पाकिटांमधली सक्तीची मोकळी जागा असं ओझं जातं: १५३८ बाइट तारेवरून गेले तर त्यात तुमच्या कामाचे १४५० च्या आसपास. १०० मधून हे ओझं वजा केलं की उरतात ९४ ते ९५.

म्हणजे स्पीड टेस्टमध्ये आकडा ९३ ते ९५ वर येऊन ताठ उभा राहत असेल, तर निदान झालंच म्हणा. तुमची लिंक १०० वर अडकली आहे. आकडा वरखाली होत ७०, १२०, ८५ असा नाचत असेल, तर दुखणं वेगळं आहे, बहुधा वाय-फायचं.

खात्री करायला विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये ‘इथरनेट’ निवडा आणि खाली ‘लिंक स्पीड’ वाचा. १०००/१००० असेल तर केबलीचा टप्पा ठीक आहे. १००/१०० असेल तर पुढची तपासणी याच क्रमाने करा, कारण पहिल्या दोन पायऱ्या फुकट आहेत.

आधी राउटरचं पोर्ट बदला. कंपन्या देतात त्या फायबरच्या अनेक डब्यांत चार लॅन पोर्टांपैकी एकच गिगाबिटचं असतं, उरलेली तीन १०० ची. पोर्टांजवळ किंवा खालच्या स्टिकरवर गिगाबिटसाठी ‘जीई’ आणि शंभरासाठी ‘एफई’ असं छापलेलं असतं. बहुतेक डब्यांत पहिलं पोर्ट गिगाबिट असतं, आणि त्यात नेमका टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स खोचलेला असतो, ज्याला २५ एमबीपीएस पुष्कळ होतात. दोघांची अदलाबदल करा, एवढ्यावर काम भागतं.

तरी १०० च दिसत असेल तर दुसरी, शक्यतो कारखान्यात बनलेली छोटी केबल घ्या, कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप राउटरजवळ नेऊन थेट जोडा. आता १००० आलं तर दोष जुन्या केबलीत किंवा तिच्या कनेक्टरांत. नाही आलं तर एक टोक तरी मुळात शंभराचंच आहे. स्वस्त लॅपटॉप आणि जुने मदरबोर्ड यांत अशी कार्डं सापडतात. फायबरच्या डब्याला स्वतःचा वेगळा राउटर जोडला असेल तर त्याचं इंटरनेटकडून येणारं पोर्टही बघा. हजार-दीड हजारांच्या कित्येक राउटरांवर ‘ड्युअल बँड’ (वाय-फायचे दोन पट्टे) मोठ्या अक्षरांत असतं, पण सगळी पोर्टं १०० चीच. तिथे ३०० चा प्लॅन घेणं म्हणजे दर महिन्याला दोनशे एमबीपीएस दान करणं.

एक मोह मात्र टाळा. कार्डाच्या सेटिंगमध्ये वेग हाताने ठरवता येतो, तिथे ‘ऑटो निगोशिएशन’ (दोन्ही टोकांनी आपसात वेग ठरवणं) काढून काहीतरी दुसरं ठेवायचा सल्ला अधूनमधून दिला जातो. एका टोकाला हाताने ‘१०० फुल डुप्लेक्स’ (एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं) ठेवलं आणि दुसरं टोक ऑटोवर राहिलं, तर ते दुसरं टोक ‘हाफ डुप्लेक्स’ (एका वेळी एकच) धरून चालतं. मग दोन्ही बाजूंचं बोलणं एकमेकांवर आदळतं आणि वेग १०० वरूनही घसरतो. ते सेटिंग ऑटोवरच असू द्या.

## केबल कोणती घ्यायची?

केबलीवर छापलेलं ‘कॅट’ म्हणजे तिची प्रत. कॅट ५ई चांगल्या तांब्याची असेल तर १०० मीटरपर्यंत गिगाबिट बिनतक्रार नेते. २०१६ च्या मानकाप्रमाणे अडीच गिगाबिटही नेते. त्यामुळे भिंतीत आधीपासून कॅट ५ई असेल तर ती उपसू नका. नवीन टाकायची असेल तर कॅट ६ घ्या, किमतीत फार फरक नाही आणि पुढे १० गिगाबिटची वेळ आली तर ५५ मीटरपर्यंत तीही निभावते. एवढं लांब घर कुणाचं असतं! कॅट ६ए पूर्ण १०० मीटर १० गिगाबिट नेते, पण जाड आणि ताठ असल्याने जुन्या पाइपांत ओढताना जीव काढते.

कॅट ७ आणि कॅट ८ च्या चपट्या, जाळीदार वेष्टणाच्या केबली ऑनलाइन दुकानांत भरपूर दिसतात. कॅट ८ हे मोठ्या सर्व्हर खोल्यांसाठीचं मानक आहे, ४० गिगाबिट आणि तेही ३० मीटरच्या आत. घरच्या गिगाबिट पोर्टाला ती लावली तर मिळणार गिगाबिटच. चपट्या केबलीच्या आत बऱ्याचदा इतक्या बारीक तारा असतात, की नावावरचा ‘८’ हा केवळ छपाईचा भाग ठरतो. दोन-तीन मीटरांसाठी, सतरंजीखालून न्यायला चपटी केबल चालेल, पण पंधरा मीटरांसाठी नको.

खरा धोका वेगळाच आहे, आणि तो स्वस्त रिळांत असतो. ‘सीसीए’ म्हणजे वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. बाहेरून ओळखू येत नाही, लेबलवर कॅट ६ लिहिलेलं असतं, आणि दर शुद्ध तांब्याच्या जवळजवळ निम्मा. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्यापेक्षा जास्त, तार दोन-चारदा वाकवली की तुटते, आणि कनेक्टरात दाबून बसवलेला जोड काही महिन्यांनी सैल पडतो. सुरुवातीला १००० दाखवणारी लिंक वर्षभरात १०० वर येण्यामागे हे नेहमीचं कारण. तपासायची रीत सोपी आहे: एक तार ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर परत करा, आतपर्यंत तांबूस असेल तर ठेवा. वजनही सांगतं, कारण त्याच लांबीची सीसीए केबल हातात हलकी लागते.

## टोकं घरी बसवायची की तयार केबल घ्यायची?

पंधरा-वीस मीटरांपर्यंत दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली तयार केबल मिळते आणि काहीशे रुपयांत काम होतं. पाइपमधून ओढायची असेल तर कनेक्टर आत जात नाही, तेव्हा टोकं नंतर बसवावी लागतात. इथे तारांचा क्रम महत्त्वाचा. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा क्रम, कनेक्टरची कडी खाली आणि सोनेरी पट्ट्या वर धरून डावीकडून असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

हिरवी जोडी मधल्या निळ्या जोडीच्या दोन बाजूंना फुटलेली आहे, हे लक्षात आलं असेल. ‘दोन्हीकडे सारखं असलं की झालं’ असं म्हणून काही कारागीर जोड्या शेजारी-शेजारी लावतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. छोट्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात आणि सगळं उत्तम वाटतं. पण पोर्ट तिसऱ्या आणि सहाव्या तारेला एक जोडी समजतं, आणि आता त्या दोन तारा वेगवेगळ्या पिळांतल्या असतात. पिळामुळे बाहेरचा गोंधळ एकमेकांत खोडला जातो, तो फायदाच गेला. परिणामी लिंक १०० वर पडते किंवा सारखी तुटते. दिव्यांचा टेस्टर फक्त तार सलग आहे की नाही एवढंच सांगतो. केबल गिगाबिटला लायक आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

पीळ टोकापाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. आठही तारा कनेक्टरच्या पुढच्या भिंतीला टेकल्या पाहिजेत, आणि बाहेरचं जाड आवरण कनेक्टरच्या आत, दाबपट्टीखाली आलं पाहिजे. आवरण बाहेर राहिलं तर केबल ओढली जाताच तारा सुटतात. वळण देताना कोपरा करू नका, जाडीच्या चौपट तरी गोलाई ठेवा. कॅट ६ साठी ती अडीच सेंटिमीटर होते.

आणि विजेच्या वायरी असलेल्या पाइपात लॅन केबल ओढू नका. वेगाचा प्रश्न नंतरचा, आधी जिवाचा: विजेच्या वायरीचं आवरण फाटलं तर २३० व्होल्ट थेट कॉम्प्युटरपर्यंत येतात. जुन्या फ्लॅटमध्ये टेलिफोनसाठी हॉलपासून बेडरूमपर्यंत वेगळा पाइप टाकलेला असतो आणि आता तो रिकामाच असतो. इलेक्ट्रिशियनला आधी तोच शोधायला सांगा. नसेल तर भिंतीच्या तळाशी पांढरी केसिंग-पट्टी, रंगाच्या वेळी तिच्यावरही हात फिरवला की फारशी दिसत नाही. विजेच्या वायरीला ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा, शेजारून लांबवर नेऊ नका.

## पण माझा वाय-फाय राउटर तर १२०० चा आहे!

तो १२०० ही बेरीज आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ-पट्ट्यावर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, दोन्ही मिळून बाराशेच्या घरात. तुमचा कॉम्प्युटर एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे बाराशे त्याला कधीच मिळत नाहीत. ८६७ च्या लिंकवर, त्याच खोलीत, मध्ये काही नसताना ५०० ते ६०० प्रत्यक्ष मिळतात. वाय-फाय ६ या पुढच्या पिढीवर, ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलला १२०१ ची लिंक होते आणि ७००-८०० हाती पडतात. म्हणजे प्रामाणिकपणे सांगायचं तर प्लॅन २००-३०० चा, राउटर त्याच खोलीत आणि दोन्ही टोकं ५ गिगाहर्ट्झवर असतील, तर स्पीड टेस्टमध्ये केबल आणि वाय-फाय सारखेच दिसतील. फक्त वेग हवा असेल तर अशा घरात केबलीसाठी भिंत फोडायची गरज नाही.

मग वाय-फाय बिघडतं कुठे? सोसायटीच्या सभेत एकच माइक आहे असं समजा. एका वेळी एकानेच बोलायचं. दोघं एकदम बोलले तर कुणाचंच कळत नाही, दोघं थांबतात, थोडा वेळ जाऊ देतात, पुन्हा प्रयत्न करतात. त्यात एखादे आजोबा फार सावकाश बोलतात, तेवढा वेळ माइक अडतो आणि भरभर बोलणाऱ्यांनाही ताटकळावं लागतं. घरातला जुना मोबाइल किंवा लांबच्या खोलीतला सीसीटीव्ही कॅमेरा हे ते आजोबा. बरं, शेजारच्या हॉलमधली सभाही भिंतीतून ऐकू येते, आणि नियम असा की तो आवाज थांबेपर्यंत आपणही थांबायचं. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न छेदणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. वीस-पंचवीस फ्लॅटच्या इमारतीत रात्री नऊला त्यांचं काय होत असेल याची कल्पना करा. ५ गिगाहर्ट्झवर जागा पुष्कळ आहे; केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या पट्ट्याचा मोठा भाग परवान्याशिवाय वापरायला खुला केला.

५ ची अडचण भिंती. साध्या विटांची एक भिंत तो सोसतो. आरसीसीची भिंत, कोकणातल्या घरांची जांभ्याची जाड भिंत, जुन्या वाड्याची दगडमातीची भिंत त्याला अर्धमेला करते. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि फिश टँक हे तर थेट अडथळेच. आणि राउटर बसवलेला असतो कुठे? फायबर दारातून आत येतं म्हणून दाराशेजारी, बुटांच्या कपाटावर किंवा विजेच्या मीटर बोर्डाखाली. फायबरची केबल आणखी सात-आठ मीटर आत आणायला बसवणाऱ्याला त्याच दिवशी सांगितलं असतं तर बहुधा झालं असतं. आताही सांगता येतं. राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, उघड्यावर असावा.

वाय-फायच वापरायचं असेल तर २.४ आणि ५ या दोन्ही पट्ट्यांना राउटरच्या सेटिंगमध्ये वेगवेगळी नावं द्या. एकच नाव असलं की कॉम्प्युटर कधीकधी जोरदार सिग्नल बघून २.४ ला चिकटतो आणि तिथेच बसतो. वेगळ्या नावाने त्याला ५ वरच ठेवता येतं. डेस्कटॉपचा अँटेना पेटीच्या मागे, टेबलाखाली आणि भिंतीला टेकून असतो, म्हणजे सगळ्यात वाईट जागी. आत बसवायचं कार्ड घेताना वायरीने बाहेर काढून टेबलावर ठेवता येणारा अँटेना असलेलं घ्या. नखाएवढे ‘नॅनो’ डोंगल शक्यतो टाळा. बरेचसे फक्त २.४ वर चालतात. ते निळ्या यूएसबी ३ पोर्टात खोचले तर आणखी एक गंमत होते. यूएसबी ३ स्वतः २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास विद्युत गोंगाट करतं, इंटेलने २०१२ मध्येच त्याची मोजमापं प्रसिद्ध केली होती. डोंगल एक मीटरच्या यूएसबी एक्स्टेंशनवर लांब ठेवलं की फरक दिसतो.

## स्पीड सारखाच, मग केबलीचा हट्ट कशाला?

कारण स्पीड टेस्ट फक्त सरासरी दाखवते. व्हिडिओ कॉल, ऑनलाइन परीक्षा, गेम किंवा ऑफिसचं रिमोट काम यांना सरासरीपेक्षा सातत्य लागतं. एका पाकिटाला राउटरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, ज्याला पिंग म्हणतात, केबलीवर एक मिलिसेकंदाच्या आत असतो आणि दिवसभर तसाच राहतो. वाय-फायवर तो २ ते १० असतो, आणि मध्येच ८०, १५०, २०० होतो. कॉलवर आवाज यंत्रमानवासारखा होतो तो याच उड्यांमुळे.

घरी तपासता येतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंगची आज्ञा द्या, पुढे राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) आणि ‘टी’ हा पर्याय जोडा. दोन-तीन मिनिटं आकडे बघा, मग कंट्रोल आणि ‘सी’ दाबून थांबवा. राउटरपर्यंतचेच आकडे उड्या मारत असतील तर दोष घरातला. राउटरपर्यंत शांत आणि बाहेरच्या पत्त्यावर उड्या असतील तर कंपनीला फोन करायला तुमच्याकडे आता पुरावा आहे. केबल लावून तपासताना वाय-फाय बंद करा. दोन्ही चालू असले तरी विंडोज सहसा केबलच वापरतो, पण चाचणीत शंका नको.

## रिपीटर लावून भागेल का?

भागेल, पण अर्धवट. साधा रिपीटर म्हणजे त्याच सभेत मध्यावर उभा राहून प्रत्येक वाक्य मागच्या रांगांसाठी पुन्हा बोलणारा माणूस. तेच बोलणं दोनदा, म्हणून वेळ दुप्पट आणि वेग साधारण निम्मा. मेशचे महागडे संच दोन डब्यांमधल्या बोलण्यासाठी वेगळा पट्टा राखतात, त्यामुळे नुकसान कमी होतं, पण भिंत मध्ये आहे ती आहेच.

लांबच्या खोलीसाठी सर्वांत चांगली रचना म्हणजे तिथपर्यंत एकच केबल न्या आणि तिच्या टोकाला गिगाबिट पोर्टांचा एखादा पडून असलेला राउटर लावा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, बाकी काही नको. नसेल तर त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२ करा, त्यातलं डीएचसीपी (प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटणारी सोय) बंद करा, वाय-फायला मुख्य राउटरपेक्षा वेगळा चॅनल द्या आणि येणारी केबल त्याच्या इंटरनेट पोर्टात न लावता लॅन पोर्टात लावा. डीएचसीपी बंद करायला विसरलात तर घरात पत्ते वाटणारे दोघं होतात आणि कुणाचं नेट कधी जाईल सांगता येत नाही. कॉम्प्युटर उरलेल्या लॅन पोर्टाला. राउटर शंभराच्या पोर्टांचा असेल तर मात्र ९४ पुन्हा हजर. त्यापेक्षा पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच (एका केबलीच्या अनेक जोडण्या करणारा डबा) घ्या.

## विजेच्या वायरीतून नेट?

पॉवरलाइन ॲडॅप्टरची जोडी एक राउटरजवळ, एक कॉम्प्युटरजवळ खोचायची, आणि माहिती घरच्या वायरिंगमधून जाते. पाकिटावर १००० किंवा २००० असतं. चांगल्या वायरिंगवर १००-२०० मिळाले तर समाधान माना. आपल्या घरांत दोन गोष्टी आडव्या येतात. थ्री-फेज जोडणी असेल आणि दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील तर सिग्नल जवळजवळ पोचत नाही. आणि निम्मे पॉइंट इन्व्हर्टरवर असतात, तिथे इन्व्हर्टर मध्ये येतो. एक्स्टेंशन बोर्ड, स्पाइक गार्ड किंवा यूपीएसमध्ये तर हे ॲडॅप्टर लावूच नका, त्यांचं कामच असले सिग्नल गाळणं. परत करता येईल अशाच दुकानातून घ्या. डिशच्या कोॲक्सियल केबलीतून नेट नेणारी उपकरणंही जगात आहेत, पण त्यांची फ्रिक्वेन्सी डीटीएचच्या सिग्नलवरच येते. डिश चालू असेल तर तो मार्ग बंद.

## लॅपटॉपला लॅन पोर्टच नाही

यूएसबीला लावायचं छोटं ॲडॅप्टर मिळतं. पाकिटावर ‘गिगाबिट’ आणि ‘यूएसबी ३.०’ हे दोन्ही शब्द असले पाहिजेत. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादाच ४८० एमबीपीएस आहे, प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास गाडी थांबते. सगळ्यात स्वस्त ॲडॅप्टर १०० चे असतात. लॅपटॉपच्या निळ्या किंवा टाइप-सी पोर्टात लावा.

अडीच गिगाबिटची पोर्टं आता नव्या मदरबोर्डांवर सर्रास येतात. त्यांचा उपयोग प्लॅन एक गिगाबिटच्या वर असेल, किंवा घरातच दोन यंत्रांमध्ये मोठमोठ्या फाइली फिरत असतील तर. राउटर, स्विच आणि कॉम्प्युटर तिन्ही अडीचचे हवेत, नाहीतर लिंक निमूट १००० वर बसते. ३०० च्या प्लॅनला त्याचा काही फायदा नाही.

## पावसाळ्याआधी एवढं करा

काही गावांत अजूनही स्थानिक केबलवाला गच्चीगच्चीवरून तांब्याची लॅन केबल आणून देतो. वळवाच्या पावसात आसपास वीज पडली की त्या लांब तारेत क्षणभर मोठा दाब तयार होतो आणि राउटरचं पोर्ट, कधी त्यामागून कॉम्प्युटरचंही पोर्ट जळतं. पूर्ण जळालं तर कळतं तरी. अर्धवट इजा झाली की लिंक १०० वर येते आणि माणूस केबल बदलत बसतो. फायबरमधून हा दाब येत नाही, पण डब्याच्या विजेच्या ॲडॅप्टरमधून येऊ शकतो. ढग गडगडू लागले की डब्याचा प्लग काढा, आणि बाहेरून तांब्याची केबल येत असेल तर तीही राउटरमधून काढा. मदरबोर्डावरचं पोर्ट गेलंच असेल तर बोर्ड बदलायची गरज नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या छोट्या खाचेत बसणारं गिगाबिट कार्ड घ्या, जुनं पोर्ट बायोसमधून (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमधून) बंद करा, आणि नव्या कार्डावर लिंक स्पीड १०००/१००० दिसतोय ना ते एकदा बघून घ्या.